आउटलेटला रंग येतोय? तुरटीची पुढची गोणी फोडण्याआधी हे बघा

अंबड, सातपूर, सिन्नर, मालेगाव, मध्येच कधी येवला. नाशिकच्या या पट्ट्यात कापडाच्या डाईंग आणि प्रोसेसिंगवाल्यांचे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लँट, दुरुस्त करत मी बरीच वर्षं फिरतोय. फोन बहुतेक रात्री येतो आणि वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, डोस डबल केला, तरी पाणी लालच जातंय." दहापैकी सात-आठ वेळा डोस हे कारण नसतंच. उलट त्या डबल डोसमुळे गाळ वाढलेला असतो, पीएच घसरलेला असतो आणि रंग होता तिथेच असतो.

म्हणून खालचा क्रम. आधी फुकटच्या तपासण्या, मग शे-दोनशे रुपयांच्या, खर्चाच्या शेवटी.

लक्षण नेमकं कोणतं?

"पाणी रंगीत आहे" एवढ्याने काही कळत नाही. काचेच्या ग्लासात आउटलेटचं पाणी घ्या, पाठीमागे पांढरा कागद धरा आणि यातलं काय दिसतं ते बघा.

- पाणी सरबतासारखं आरपार दिसतं, पण रंगीत आहे. तळाला काही बसत नाही.
- पाणी गढूळ रंगीत आहे, ग्लास हलवला की बारीक कण फिरतात.
- सोडताना पाणी स्वच्छ, पण सकाळी त्याच बाटलीत पिवळट-तपकिरी.
- टाकीत गाळ खाली बसण्याऐवजी वर तरंगतोय.
- दिवसभर ठीक, ठरावीक वेळेलाच बिघडतं.
- रंग गेला, पण लॅबच्या रिपोर्टात सीओडी (पाण्यातल्या घाणीला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) तसाच किंवा आधीपेक्षा जास्त.

ही सहा वेगवेगळी दुखणी आहेत. सगळ्यांवर एकच औषध, म्हणजे आणखी तुरटी, हीच गल्लत रोज बघतो. कापड उद्योगासाठी केंद्राच्या २०१६ च्या अधिसूचनेत रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट युनिट, सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम, बीओडी (जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३० मिलिग्रॅम आणि पीएच ६.५ ते ८.५ अशी आहे. तुमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत) याहून कडक आकडे असतील तर तेच पाळायचे. डोळ्याला "जरासा गुलाबी" वाटणारं पाणीही कधी कधी १५० च्या वर असतं, हे लक्षात असू द्या.

फुकटची पहिली तपासणी: गाळून बघा

आउटलेटचं पाणी फिल्टर पेपरमधून गाळा. लॅबचा पेपर नसेल तर गाळणीचा जाड कागद चालेल, साडीचा तुकडा नको. गाळलेलं पाणी स्वच्छ झालं तर तुमचं रसायन काम करतंय. फ्लॉक (रसायनाने गोळा झालेले लपके) बनतोय, फक्त खाली न बसता पाण्याबरोबर बाहेर पडतोय. तेव्हा दोष टाकीत, वेगात किंवा पॉलीत (फ्लॉक मोठा करणाऱ्या पॉलीइलेक्ट्रोलाइटमध्ये) शोधा. गाळूनही रंग तसाच राहिला तर रंग विरघळलेला आहे, रसायनाने त्याला धरलेलंच नाही. मग दोष पीएचमध्ये, डोसमध्ये किंवा रंगाच्या जातीत.

दोन मिनिटांच्या या चाचणीने अर्धं काम होतं. एकच अडचण: पॉलिस्टरच्या डिस्पर्स रंगाचे कण इतके बारीक असतात की साध्या कागदातून निघून जातात. डिस्पर्स चालू असेल तर ग्लास अर्धा दिवस ठेवून वरचं पाणीही बघा.

पीएच: मीटरवर विश्वास ठेवण्याआधी मीटर तपासा

प्रत्येक रसायनाची आपली जागा असते. तुरटी साधारण ६ ते ७ पीएचला चालते. पीएसी (पॉलीॲल्युमिनियम क्लोराईड) थोड्या रुंद पट्ट्यात, ६ ते ८. हिराकस (फेरस सल्फेट) आणि चुन्याची जोडी ९ ते १० च्या आसपास. जागा चुकली की रसायन पाण्यात विरघळून राहतं आणि रंगाला चिकटत नाही. शिवाय तुरटी स्वतःच पीएच पाडते, एक किलो तुरटी सुमारे अर्धा किलो क्षारता खाते. डोस डबल केला की पीएच साडेपाचवर येतो आणि फ्लॉक विरतो, तो यामुळेच.

एका युनिटमध्ये मीटर दोन महिने ७.१ दाखवत होता. ऑपरेटर खूश, रजिस्टर सुबक, रोज ७.१. मी त्याच्या डब्यातलं लिंबू मागून पाण्यात पिळलं आणि इलेक्ट्रोड त्यात बुडवला. ७.१. टोकाच्या काचेला तडा गेला होता. खरा पीएच कागदावर ४.८ निघाला. पोराचा चेहरा उतरला, पण चूक त्याची नव्हती. त्याला बफर, म्हणजे मीटर तपासायचं ठरलेल्या पीएचचं द्रावण, कोणी दिलंच नव्हतं.

तर ४, ७ आणि ९.२ चे बफर आणून ठेवा. इलेक्ट्रोड कोरडा ठेवू नका, टोपीत केसीएलचं (पोटॅशियम क्लोराईडचं) द्रावण असू द्या. रंगाच्या पाण्यात त्यावर साय धरते, ती हलक्या एचसीएलने (हायड्रोक्लोरिक ॲसिडने) आठवड्यातून एकदा धुवा. आणि खिशात पीएच पेपर ठेवाच. त्याचा आकडा ढोबळ येतो, पण बिघडलेल्या मीटरसारखा महिनाभर खोटं बोलत नाही.

डोस खरंच पडतोय का?

पॅनेलवर हिरवा दिवा म्हणजे रसायन पडतंय असं नव्हे. डोसिंग पंपाची नळी टाकीतून काढून मोजपात्रात सोडा आणि मोबाईलवर एक मिनिट मोजा. चुन्याच्या पंपात एनआरव्हीच्या (एकतर्फी व्हॉल्व्हच्या) गोळीखाली खडा अडकतो. पंप टकटक करत राहतो आणि बाहेर थेंबही येत नाही. लाईन महिन्यातून एकदा पातळ एचसीएलने धुतली तर हा त्रास बराच कमी होतो. धुताना ॲसिड पाण्यात घालायचं, ॲसिडवर पाणी ओतायचं नाही.

मग हिशोब. १० टक्के द्रावण म्हणजे एका लिटरला १०० ग्रॅम. ताशी १० घनमीटर पाण्याला ४०० पीपीएम (लिटरला ४०० मिलिग्रॅम) डोस हवा असेल तर ताशी ४ किलो माल लागतो, म्हणजे १० टक्क्यांचं ४० लिटर द्रावण. मोजपात्रात मिनिटाला ६६० मिलीच्या आसपास यायला हवं. २०० मिली आलं तर पुढचं काही वाचू नका, पंप नीट करा.

मालही बघा. सिन्नरकडच्या एका गोदामात पावसाळ्यात पत्रा गळत होता आणि चुन्याच्या गोण्या दगड झाल्या होत्या. चुना हवा-ओल खाऊन मेला की त्याचा कार्बोनेट होतो, त्याने पीएच चढत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. चिमूटभर चुन्यावर एचसीएलचे चार थेंब टाका. जोरात फसफसला तर तो बराचसा मेलेला आहे. चांगला चुना ग्लासभर पाण्यात चमचाभर ढवळला की पीएच १२ च्या वर गेला पाहिजे. हिराकस हिरवी हवी. पिवळी-तपकिरी पडलेली हिराकस हवेने बदललेली असते, रंग तोडण्याची तिची ताकद कमी झालेली असते.

गढूळ येतंय? बादली आणि घड्याळ घ्या

गाळल्यावर पाणी स्वच्छ होत असेल तर हा भाग तुमच्यासाठी. मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेला दोष इथेच आहे, आणि दुरुस्तीला एक रुपया लागत नाही.

समजा प्लँट दिवसाला ५० घनमीटरचा आहे आणि २० तास चालेल असं धरून बांधलाय, म्हणजे ताशी अडीच घनमीटर. पण ट्रान्सफर पंप ताशी १० चा बसवलाय. ऑपरेटरला घरी जायचं असतं. तो संध्याकाळी व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि पाच तासांत टाकी रिकामी करतो. सेटलिंग टाकीला चौपट वेग मिळाला. फ्लॉकला खाली बसायला वेळच मिळत नाही, तो वरच्या पन्हळीवरून थेट बाहेर. रिपोर्टात दिवसाचे एकूण घनमीटर बरोबर दिसतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा, ताशी हिशोब काढा, व्हॉल्व्ह आवळा आणि हँडलला तार बांधून ठेवा. खरंच, तार बांधा.

दुसरं कारण नाशिकच्या थंडीत सापडतं. डिसेंबर-जानेवारीत निफाड-सिन्नरकडे पहाटेचा पारा एक आकडी होतो आणि तेव्हाच जिगरमधून (कापड रंगवायच्या यंत्रातून) गरम पाणी थेट ईटीपीत सुटलेलं असतं. गरम पाणी हलकं. टाकीतल्या थंड पाण्यावरून ते तरंगत सरळ आउटलेटला जातं, खालचं पाणी आहे तिथेच. टाकीत हात घालायचा नाही, दोरीला थर्मामीटर बांधून इनलेटचं आणि टाकीचं तापमान बघा. मोठा फरक दिसला तर पाणी आधी समीकरण टाकीत (येणारं सगळं पाणी एकत्र मिसळायच्या टाकीत) थांबवून, हवा देऊन निववा.

तिसरं, साठलेला गाळ. तळातून गाळ काढायचा राहिला की टाकीची खोली कमी होते. जुना गाळ सडला की त्यात वायू धरतो आणि काळे, वास मारणारे लपके वर येतात. ते दिसले तर रोज गाळ काढा.

पण तरंगणारा गाळ ताजा, रंगीत असेल आणि त्याला बारीक बुडबुडे चिकटलेले असतील तर गाळाला बोल लावू नका. ब्लीचिंगचं हायड्रोजन पेरॉक्साईड ईटीपीत आलंय. ते फुटून ऑक्सिजन सुटतो आणि फ्लॉकला फुग्यासारखा वर उचलतो. पेरॉक्साईडच्या पट्टीने खात्री करा, आणि ब्लीचचं पाणी काही तास वेगळं धरून मगच हळूहळू सोडा.

पॉली: कमी घाला, सावकाश विरघळवा

पॉलीइलेक्ट्रोलाइट ०.१ टक्के करायचं, म्हणजे १०० लिटरला १०० ग्रॅम. पूड एकदम ओतली की माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी होतात आणि त्या आतून कोरड्याच राहतात. ढवळतं पाणी, वरून चिमटी-चिमटीने पूड, आणि पाऊण-एक तास धीर. थंडीत आणखी थोडा. द्रावण एक-दोन दिवसांत संपवा. घनमीटरला एक लिटरपासून सुरुवात करा, एवढ्यानेच १ पीपीएम होतो. जास्त झालं तर पाणी बुळबुळीत होतं, फ्लॉक परत सुटा होतो आणि पुढचा सँड फिल्टर चोंदतो.

क्रम पाळा: आधी तुरटी किंवा हिराकस जोरात ढवळून, मग पीएच, शेवटी पॉली हळू ढवळून. पॉली फ्लॅश मिक्सरमध्ये (जोरात ढवळायच्या टाकीत) टाकली तर तिची लांब साखळी तिथेच तुटते.

सकाळी तपकिरी होणारं पाणी

यात रंग परत येत नाही, लोखंड दिसायला लागतं. हिराकस कमी पीएचला, म्हणजे साडेआठच्या खाली वापरली तर फेरस विरघळूनच राहतं आणि हवा लागली की तपकिरी होतं. पाण्यात चिमूटभर चांगला चुना घालून बाटली जोरात हलवा. तपकिरी कण बसले तर खात्री. पीएच नऊच्या वर न्या, सेटलिंगच्या आधी थोडी हवा द्या आणि हिराकस कमी करून बघा. शेवटी पीएच ८.५ च्या आत आणायला विसरू नका.

गाळूनही रंग राहतो: जार टेस्ट आणि मास्तरांची वही

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच रसायन बदलायचा विचार करा. सहा सारख्या बाटल्या कापून घ्या, प्रत्येकीत एक लिटर पाणी. १० टक्के द्रावणाची सिरिंज घ्या, १ मिली म्हणजे १०० पीपीएम. २ मिलीपासून वाढवत जा. एक मिनिट जोरात ढवळा, पंधरा-वीस मिनिटं हळू, अर्धा तास स्थिर. मग आधी पीएच बदलून, नंतर रसायन बदलून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की काय लागू पडलं ते कळत नाही.

त्याच वेळी डाईंग मास्तरांकडे जाऊन आज काय चाललंय ते विचारा. हे ऑपरेटर करत नाहीत, मास्तरांसमोर बोलायला बिचकतात. पण उत्तर त्यांच्या वहीत असतं. डिस्पर्स, व्हॅट, सल्फर हे रंग पाण्यात कणांसारखे असतात, तुरटी-हिराकसने छान बसतात. सुताच्या रिॲक्टिव्ह रंगाचं वेगळं. तो पाण्यात पूर्ण विरघळतो आणि रंग-पद्धतीनुसार १० ते ४० टक्के कापडाला न लागता नाल्यात येतो. त्याला नुसती तुरटी बहुधा धरत नाही. येवल्याच्या रेशमाला लागणारे ॲसिड रंगही तसेच विरघळणारे. अशा वेळी हिराकस-चुना, मॅग्नेशियमची जोड किंवा बाजारात डीकलरंट म्हणून मिळणारा धन प्रभाराचा पॉलिमर जारमध्ये लावून बघावा. डीकलरंट महाग असतो, म्हणून तो सरसकट सगळ्या पाण्यात ओतू नका.

त्याऐवजी पाणी वेगळं करा. पहिल्या बाथचं (रंगवायच्या पहिल्या द्रावणाचं) दाट पाणी थोडं असतं आणि बहुतेक रंग त्यातच असतो. ते वेगळ्या टाकीत घेतलं तर महाग रसायन तेवढ्यालाच लागतं. ठरावीक वेळी बिघडणाऱ्या पाण्याचं कारणही बहुधा हेच निघतं: रात्री दोनला गडद शेडचा बाथ सुटतो आणि समीकरण टाकीचा ब्लोअर "लाईट बिल येतं" म्हणून बंद असतो.

सँड आणि कार्बन फिल्टरला एवढंच: दाब अर्ध्या किलोहून जास्त पडायला लागला की बॅकवॉश, आणि बॅकवॉशनेही रंग कमी होत नसेल तर कार्बन भरलेला आहे, बदला. गढूळ पाणी कार्बनवर सोडणं म्हणजे पैसे नाल्यात.

हायड्रो आणि ब्लीचचा मोह

तपासणी येणार म्हटलं की कोणीतरी आउटलेटला हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाईट) किंवा हायपो (सोडियम हायपोक्लोराईट, म्हणजे ब्लीच) टाकतो. रंग क्षणात जातो, हे खरं. पण हायड्रोने ॲझो रंगाचे तुकडे होतात, त्यातून घातक अमाईन तयार होऊ शकतात आणि सीओडी चढतो. इंडिगोसारखा व्हॅट रंग तर हवा लागताच परत येतो. हायपोने क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ होतात. सातपूर-अंबडकडून जाणारी नंदिनी, जुन्यांची नासर्डी, शेवटी गोदावरीलाच मिळते, आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. माझ्याकडून या युक्तीला मदत मिळणार नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

सल्फर ब्लॅकचं पाणी असेल तर त्यात स्वतः ॲसिड घालू नका. हायड्रोजन सल्फाईड सुटतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो, मग वास यायचा बंद होतो आणि माणूस पडतो. वास बंद झाला म्हणजे वायू गेला असं समजू नका. टाकीत उतरणंही तसंच. वायू मोजणारं यंत्र, हवेची सोय, कमरेला दोर आणि वर माणूस नसेल तर गाळ कितीही साठो, कोणी उतरायचं नाही. आधी पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात.

फेंटन, म्हणजे लोखंड आणि पेरॉक्साईडची प्रक्रिया, हट्टी रंगावर चांगली चालते. पण पीएच ३ च्या आसपास लागतो, उष्णता निघते आणि ५० टक्के पेरॉक्साईड कातडी जाळतो. उरलेलं पेरॉक्साईड सीओडीच्या चाचणीत खोटा जास्त आकडाही दाखवतं. ओझोनचंही काम अनुभवी माणसाकडून करून घ्या. आधी लॅबमध्ये, मग छोट्या प्रमाणात, मगच प्लँटवर.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जास्त असेल तर रसायनांनी तो कमी होत नाही, मीठ तसंच राहतं आणि चुना-तुरटीने वाढतोच. त्याला आरओ किंवा बाष्पीभवन लागतं, आणि तो आराखडा सल्लागाराने काढायचा. प्रक्रियेत नवं युनिट जोडणार असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटमध्ये बसतं का ते आधी विचारा. रासायनिक गाळ घातक कचऱ्यात मोडतो. तो शेताच्या बांधाला टाकायचा नाही, ९० दिवसांच्या आत अधिकृत ठिकाणीच द्यायचा.

सल्लागाराला फोन करण्याआधी चार बाटल्या भरून ठेवा: समीकरण टाकी, फ्लॉक टाकी, सेटलिंगनंतर आणि आउटलेट. प्रत्येकीवर वेळ, पीएच आणि त्या वेळी मास्तरांच्या वहीत चालू असलेली शेड लिहा. बाटल्या थंड जागी ठेवा, पण ज्या फ्रिजमध्ये पोरांचे डबे असतात त्यात नको. एकदा रिॲक्टिव्ह रेडची बाटली तिथे ठेवली होती आणि रात्रपाळीच्या माणसाने रूह अफजा समजून झाकण उघडलं होतं.